पांढरं रेशनकार्ड, दोन स्टेंट आणि चुलत्यांचा प्रश्न

*ताई, नमस्कार. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, सहा माणसं कामाला. घर मंगळवार पेठेत. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो, वय ७४. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर फिरताना त्यांच्या छातीत जड झालं, म्हणून एका खासगी हॉस्पिटलात दाखवलं. अँजिओग्राफी झाली. दोन ठिकाणी ब्लॉक आहेत, दोन स्टेंट घालावे लागतील, पंधरा दिवसांत करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. खर्च दोन लाख चाळीस हजार. ‘भारीतले’ स्टेंट घेतले तर तीन लाख. आमचं रेशनकार्ड पांढरं, त्यामुळं सरकारी योजना आपल्याला नाही असं घरात सगळे धरून चाललेत. माझी मेडिक्लेम आहे, पण त्यात आण्णा नाहीत. आता त्यांची काढली तर चालेल का? धाकटा भाऊ म्हणतो, सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात नेऊ. त्यावर चुलते म्हणाले, ‘कारखानदार झालास आणि बापाला सीपीआरला टाकतोस व्हय?’ आई काही बोलत नाही, पण तिनं पाटल्या काढून ठेवल्यात. एक एजंट पाचशे रुपयांत आयुष्मान कार्ड करून देतो म्हणतोय. मोबाईलवर मी ‘आभा’ कार्ड आधीच काढलंय, ते चालेल का? सरकारी कुठं संपतं, खासगी कुठं सुरू होतं आणि कुणाचे पैसे कोण देतंय, काही कळेना झालंय.*
*— एक वाचक, कोल्हापूर*

दादा, आधी आईंना पाटल्या परत हातात घालायला सांगा. त्या काढायची वेळ आलेली नाही आणि बहुतेक येणारही नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. वीसेक वर्षं कागदपत्रं आणि नातेवाईकांची रडारड यांतच गेली. पण एवढं सांगते, आण्णांना बसल्याजागी छातीत दुखलं, घाम फुटला, दम लागला, तर खाली लिहिलेलं सगळं विसरा. १०८ ला फोन लावा आणि हृदयाच्या उपचाराची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात पोचा. कार्ड, योजना, चुलते, सगळं नंतर. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय की, जीव वाचवायची वेळ असेल तेव्हा डॉक्टर सरकारी असो की खासगी, उपचार करणं त्याचं कर्तव्यच आहे. योजनेची कागदपत्रंही तातडीच्या वेळी मागाहून देता येतात.

तशी वेळ आलेली नाही असं धरून पुढं लिहिते. हातात पंधरा दिवस आहेत म्हणजे भरपूर आहेत, फक्त ते घरात वाद घालण्यात घालवू नका.

तुमच्या घरातला वाद ‘सरकारी की खासगी’ असा चाललाय. मला यात दोन वेगळे प्रश्न दिसतात आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळं सगळा घोळ झालाय. आण्णांवर उपचार कोण करणार, हा एक. त्याचे पैसे कोण भरणार, हा दुसरा. आपण धरून चालतो की, सरकारी म्हणजे फुकट आणि खासगी म्हणजे खिशातून. पण आपल्या देशात ही गाठ केव्हाच सुटलीय. खासगी हॉस्पिटलात सरकारच्या पैशानं ऑपरेशन होतं, सरकारी हॉस्पिटलात स्वतःच्या पैशानं केसपेपर काढावा लागतो, ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबासाठी खाटा राखीव असतात, आणि कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून कापलेल्या पैशावर तिसरंच एक रुग्णालय चालतं. तुम्हाला काही कळेना झालंय यात तुमचा दोष नाही. नोकरीत पहिली दोन वर्षं मलाही कळत नव्हतं.

‘सरकारी’ म्हणजे एकच घर आहे असं समजू नका. एकाच वाड्यात पाच चुली पेटलेल्या असाव्यात तसं ते आहे. गावातली आरोग्य उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषद चालवते. सपाट भागात साधारण ३० हजार लोकांमागं एक प्राथमिक केंद्र असावं आणि डोंगरी भागात २० हजारांमागं, असा निकष आहे. ग्रामीण रुग्णालयं आणि गडहिंग्लजसारखी उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडं. सावित्रीबाई फुले रुग्णालय महापालिकेचं. आणि आपलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, त्यामुळं ते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं.

आता यानं काय फरक पडतो म्हणाल? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यानं सरकारी दवाखान्यातले उपचार मोफत केले, केसपेपरचेही पैसे बंद केले. पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि महापालिकांचे दवाखाने त्यात नव्हते. मग गडहिंग्लजला फुकट तपासून आलेला माणूस दसरा चौकाजवळ येऊन सीपीआरच्या खिडकीवर उभा राहतो आणि ‘तिथं फुकट, मग इथं पैसे का?’ म्हणून कारकुनाशी भांडतो. कारकुनाचा दोष नाही, पेशंटचाही नाही. वरची खातीच वेगळी आहेत, आणि ते खिडकीवर सांगायला कुणाला वेळ नसतो.

पाचव्या चुलीचा, म्हणजे ईएसआयसीचा (कामगारांच्या राज्य विम्याचा) तुम्हाला उपयोग नाही. ते दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागतं, पगाराची मर्यादा महिना २१ हजार. तुमच्याकडं सहाच माणसं. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तुमच्या ओळखीचे कामगार असतील, त्यांच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के घालतो. त्यातली बरीच माणसं ईएसआयच्या दवाखान्याची पायरीही चढत नाहीत. कापून घेतलेला पैसा आपलाच असतो हे ती विसरतात.

आता खासगी. तीही एकसारखी नाहीत. गल्लीतल्या डॉक्टरांचा दवाखाना, दहा खाटांचं नर्सिंग होम, मोठं कॉर्पोरेट हॉस्पिटल, आणि ट्रस्टचं किंवा मिशनचं हॉस्पिटल, या सगळ्यांना आपण ‘खासगी’ म्हणतो. आपल्या आजोबांच्या काळी दुखणं हाताबाहेर गेलं की ‘मिरजेला न्या’ म्हणायचे. मिरजेला म्हणजे मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलला, जे १८९४ साली सुरू झालं. ते सरकारी नव्हतं आणि धंद्याचंही नव्हतं. म्हणजे हे मिश्रण आजकालचं नाही. आपल्या भागात तर ते सव्वाशे वर्षं मुरलेलं आहे.

धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना राज्यात एक बंधन आहे, ते तुमच्या कामगारांसाठी लिहून ठेवते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा दाखला लागतो. हॉस्पिटलवाले स्वतःहून सांगतील या भरवशावर बसू नका. तिथल्या समाजसेवकाला गाठा, नाही ऐकलं तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. तुम्ही स्वतः यात बसणार नाही.

तुम्ही ज्यात बसता ते आता सांगते.

२ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती सगळीकडं आली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. दरम्यान सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीहून आयुष्मान भारत आली. राज्यघटनेत दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळं दिल्लीची योजनाही राज्याच्या हातूनच राबवावी लागते. म्हणून महाराष्ट्रात या दोन्ही एकत्र केल्या. राज्य आरोग्य हमी सोसायटी त्या चालवते. सुरुवातीला फुले योजनेत पिवळं आणि केशरी कार्ड चालायचं आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. तुमच्या घरात जी माहिती फिरतेय ती त्या काळातली. १ जुलै २०२४ पासून योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झालीय, मर्यादा वर्षाला ५ लाख. पांढरं कार्डसुद्धा चालतं. सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांनाही राज्यानं तीत घेतलंय, निपाणीकडं तुमचे कुणी पाहुणे असतील तर त्यांना सांगा.

आणि आण्णांसाठी याहून सोपा एक रस्ता आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला ते सुरू झालं. त्यात ५ लाखांचं संरक्षण आणि लागतं फक्त आधार. आण्णा ७४ चे, म्हणजे रेशनकार्डाच्या रंगाचा प्रश्नच उरत नाही. मुलगा कारखानदार आहे की हमाल, हेही कुणी विचारत नाही.

त्या एजंटाला पाचशे रुपये देऊ नका. कार्ड फुकट असतं. आधारशी जोडलेला मोबाईल जवळ असेल तर आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या निघतं, नाहीतर योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ असतो, तो काढून देतो. तुमचं आभा कार्ड मात्र इथं उपयोगाचं नाही. आभा हा १४ आकडी नंबर आहे, त्यात तुमच्या तपासण्यांचे रिपोर्ट साठवता येतात. त्यात एक रुपयाही नसतो. आभा दाखवून ऑपरेशन फुकट होईल म्हणून आलेली आणि तोंडात मारल्यासारखी परत गेलेली माणसं मी पाहिलीत, आणि दरवेळी वाटलं की ज्यानं कुणी ही दोन नावं ठेवली त्याला एक दिवस आमच्या टेबलावर बसवायला हवं होतं.

पैसा कसा फिरतो तेही समजून घ्या, म्हणजे कुठं अडतं ते कळेल. जे हॉस्पिटल योजनेत सामील झालंय त्याला ‘अंगीकृत’ म्हणतात. तिथं गेलात की आरोग्यमित्र आण्णांची नोंद करतो. डॉक्टर अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट वर पाठवतात. तिकडून पूर्वमंजुरी येते. मग अँजिओप्लास्टी होते, म्हणजे स्टेंट घालतात. हॉस्पिटलला त्या उपचाराचं ठरलेलं पॅकेज मिळतं, त्यात खाट, तपासण्या, स्टेंट, औषधं, रुग्णाचं जेवण, सगळं आलं. तुम्ही काउंटरवर काही भरायचं नाही.

हॉस्पिटलवाल्यांची बाजूही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. त्यांचं म्हणणं, पॅकेजचे दर कमी आणि पैसे यायला उशीर. ते सगळं खोटं नाही. बिलं महिनोन्‌महिने अडकली की लहान हॉस्पिटलाची पगारासाठी ओढाताण होते. म्हणूनच काही ठिकाणी ‘योजनेचे बेड आज फुल आहेत’ असं ऐकू येतं, तर काही ठिकाणी योजनेचं नावच काढत नाहीत. मला राग येतो तो या दुसऱ्यांचा. परवडत नसेल तर योजनेतून बाहेर पडा. बोर्ड लावून पेशंटला अंधारात ठेवणं बरोबर नाही.

हे मी अनुभवानं बोलतेय. २०१९ मध्ये माझी मावशी न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. रात्रीची वेळ, जवळचं खासगी हॉस्पिटल गाठलं. नाव सांगत नाही. काउंटरवर म्हणाले वीस हजार डिपॉझिट, मी कार्ड घासलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला गेले तर कूलरच्या मागं, भिंतीला टेकवून ठेवलेला योजनेचा बोर्ड दिसला. मावशीचं कार्ड केशरी. धावत आरोग्यमित्राकडं गेले. तो पोरगा बिचारा म्हणाला, ‘मॅडम, पेशंट कॅशमध्ये अ‍ॅडमिट झालाय, ऑपरेशनही झालंय, आता पूर्वमंजुरी कशाची घेऊ?’ उभी हयात लोकांना ‘आधी आरोग्यमित्राला भेटा’ सांगण्यात घालवलेली बाई मी, आणि स्वतःच्या माणसाच्या वेळी बोर्ड शोधायला तिसरा दिवस उजाडला. त्या वेळी गेलेले पैसे मावशी अजून अधूनमधून काढते. हाड जुळलंय, पण तो विषय काही जुळत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, भरती होण्याआधी विचारा. एकदा रोखीचा पेशंट म्हणून ऑपरेशन झालं की गाडी रुळावर आणणं फार अवघड. अँजिओग्राफीचे भरलेले पैसे गेले असं समजा. पण पुढचे दोन लाख चाळीस हजार अजून तुमच्या हातात आहेत.

उद्या सकाळी पहिल्यांदा त्याच खासगी हॉस्पिटलात जा. अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. मग विचारा, तुम्ही जन आरोग्य योजनेत आहात का, आणि ‘हृदयरोगासाठी’ आहात का. हा दुसरा भाग विसरू नका, कारण मान्यता विभागवार असते. एखादं हॉस्पिटल हाडांसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं. काउंटरवर उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल-फ्री नंबरवर विचारा. तिथंच सोय असेल तर घरातला वाद संपला. डॉक्टर तेच, खाट तीच, पैसे सरकारचे.

मग कदाचित हळू आवाजात कुणीतरी सांगेल की, योजनेत साधा स्टेंट असतो, वरचे पैसे भरा, भारीतला घालू. इथं थांबा. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिली, तेव्हा ती २९,६०० रुपये होती. त्याआधी हाच स्टेंट लाखाच्या वर विकला जायचा. महागाई निर्देशांकाप्रमाणं ती मर्यादा वरखाली होत असते, पण लाखात गेलेली नाही. ती देशी स्टेंटला लागू आहे तशी परदेशीलाही लागू आहे. तेव्हा साधे आणि भारीतले म्हणून साठ हजारांचा फरक सांगितला तर त्यात स्टेंट किती आणि बाकी काय, हे लिहून मागा. रोखीनं करायची वेळ आली तरीही मागा. योजनेतल्या पेशंटकडून वरचे पैसे घेणं तर बसतच नाही, त्याची तक्रार याच नंबरवर करायची. शिवाय राज्यात नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून खासगी हॉस्पिटलांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. कूलरच्या मागं नव्हे.

आता सीपीआर. चुलत्यांनी वापरलेला शब्द मला पुन्हा पुन्हा आठवतोय. ‘टाकतोस.’ खासगीत आपण माणसाला अ‍ॅडमिट करतो आणि सरकारीत टाकतो. कोल्हापुरात वर्षानुवर्षं ऐकतेय. बाप दवाखान्यात असताना मुलाची इज्जत हॉस्पिटलच्या फरशीवरून ठरते, आणि त्या फरशीपायी मी शेती गहाण पडलेली पाहिलीय. कुणी भेटायला आल्यावर ‘कुठं ठेवलंय?’ हा पहिला प्रश्न, ‘कसे आहेत?’ हा दुसरा.

सीपीआरचं गोड चित्र मी रंगवणार नाही. गर्दी असते. आपला जिल्हा तर आहेच, पण तळकोकणातून आणि सीमाभागातूनही लोक येतात. रांगा असतात, स्वच्छतागृहाचं विचारू नका, एखादं औषध बाहेरून आणायची चिठ्ठी मिळते, आणि पळापळ करायला घरचं माणूस लागतंच. सिस्टर एक आणि पेशंट तीस, मग ती गोड कशी बोलणार? पण तिथं हृदयरोग विभाग आहे, कॅथलॅब आहे, अँजिओप्लास्टी होतात. जे डॉक्टर खासगीत तुम्हाला साहेब वाटतात त्यांतले बरेचसे अशाच सरकारी वॉर्डांत, अशाच पेशंटांवर हात बसवून बाहेर पडलेत. सरकारनं शिकवलेला डॉक्टर खासगीत जातो, खासगीत पैसे संपलेला पेशंट सरकारीत येतो. या मिश्र व्यवस्थेतली सगळ्यांत जुनी देवाणघेवाण हीच.

म्हणून तुमच्या भावाचं ऐका, निदान दुसऱ्या मतासाठी. सीडी घेऊन सीपीआरच्या हृदयरोग ओपीडीत दाखवा. केसपेपरचे किरकोळ पैसे आणि एक सकाळ, एवढाच खर्च. दुखणं स्थिर असेल तर काही रुग्णांचं नुसत्या औषधांवरही निभावतं. आण्णा त्यांतले आहेत का ते मी सांगू शकत नाही, तुमचे चुलतेही सांगू शकत नाहीत. पण स्टेंट घातला काय आणि न घातला काय, ज्याच्या पगारात फरक पडत नाही अशा डॉक्टरचं मत ऐकण्यात शहाणपण आहे. दोघांचं मत एकच आलं तर मनाला स्वस्थता. वेगळं आलं तर दोघांनाही कारण विचारा.

मेडिक्लेमचं थोडक्यात. आता काढलेली पॉलिसी या दुखण्याला लागणार नाही. आधीपासूनच्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. आणि ब्लॉक लपवून पॉलिसी काढायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. दाव्याच्या वेळी अँजिओग्राफीचा रिपोर्ट पुढं येतोच. पॉलिसी काढायचीच असेल तर आईंची काढा. त्या ७० च्या आत असतील तर फुले योजनेत कुटुंब म्हणून त्या आहेतच, पण खासगीत हवी ती खोली हवी असेल तर मेडिक्लेम कामाला येतं. काढताना खोलीभाड्याची मर्यादा बघा. दिवसाला पाच हजारांची मर्यादा आणि तुम्ही आठ हजारांची खोली घेतली, तर फक्त तीन हजार नाही कापत. बऱ्याच पॉलिसींत त्याच प्रमाणात जवळजवळ सगळं बिलच कापतात. गावाकडं याचा हिशेब कुणी समजावत नाही आणि मग ‘विमावाले चोर’ म्हणत लोक घरी येतात.

एक गोष्ट या सगळ्या योजनांच्या बाहेर राहते, आणि माझं मोठं गाऱ्हाणं तेच आहे. योजना ऑपरेशनचे पैसे देते, डिस्चार्जनंतर थोडे दिवस औषधंही देते. पुढं रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची तपासणी, हे सगळं तुमच्याच खिशातून. देशात आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांतले २०१३-१४ मध्ये ६४ रुपये लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. कमी झाले, बरं झालं. पण जे उरलेत त्यांत गोळ्यांचा वाटा फार मोठा. आणि ज्या सरकारनं २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के आरोग्यावर खर्च करू असं लिहिलं, त्या केंद्र आणि राज्यांचा मिळून खर्च २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के होता. असो, यावर मी सुरू झाले तर थांबणार नाही.

स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्यायच्या. पैसे वाचवायला किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आण्णांनी त्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि मग १०८. याच गोळ्या जनऔषधी केंद्रात फार कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि बदल करण्यापूर्वी त्यांना दाखवा.

राहता राहिले चुलते. त्यांच्याशी घरात वाद घालू नका. सीडी घेऊन सीपीआरला जाल त्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या. नाहीतरी केसपेपरच्या रांगेत उभं राहायला एक माणूस लागतोच.